मेक्सिकोचे लाल पाणी

अंबाडीच्या बोंडांवरची वाळवलेली लाल वेष्टने पाण्यात उकळून, गाळून, साखर घालून गार केलेले पेय म्हणजे मेक्सिकोतले ‘आग्वा दे हमाइका’. आग्वा म्हणजे पाणी आणि हमाइका हा जमेका या बेटाच्या नावाचा स्पॅनिश उच्चार. अमेरिकेत आणि आता भारतातही ते ‘हिबिस्कस आइस टी’ या नावाने विकले जाते, पण चहाच्या पानाशी त्याचा काही संबंध नाही आणि मेक्सिकोत त्याला कोणी चहा समजत नाही. तिथे ते दुपारच्या जेवणाबरोबरचे पाणी आहे. घरी काचेच्या जगमध्ये, खानावळीत जेवणाच्या दरातच आणि रस्त्यावरच्या ताको विक्रेत्याकडे भल्यामोठ्या बरणीतून ते मिळते. चव कोकम सरबताच्या जवळची, तुरटपणा मात्र किंचित जास्त.

ज्या झाडापासून ते होते ते मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. हिबिस्कस सब्दरिफा म्हणजे लाल अंबाडी. भेंडी, कापूस आणि जास्वंद यांच्याच कुळातली. विदर्भ-मराठवाड्यात तिच्या आंबट पाल्याची कण्या घालून भाजी होते, आंध्र-तेलंगणात तोच पाला गोंगुरा म्हणून लोणच्यात जातो आणि विदर्भातल्या काही घरांत बोंडांची चटणी आणि सरबतही करतात. बाजारातल्या पाकिटावर ‘हिबिस्कस’ असे वाचून अनेकांना देव्हाऱ्यातली जास्वंद आठवते, पण ती वेगळी जात आहे. तिच्या पाकळ्यांच्या काढ्याला हा आंबटपणा येत नाही. अंबाडीचे खरे फूल फिकट पिवळे, मध्यभागी गडद, आणि एका दिवसाचे असते. ते गळून गेल्यावर त्याच्या बुडाशी असलेला निदलपुंज फुगतो, मांसल होतो, रक्तासारखा लाल होतो आणि आतल्या बियांच्या बोंडाला वेढून बसतो. मेक्सिकोचे व्यापारी ज्याला ‘फ्लोर’ म्हणजे फूल म्हणतात ते हेच वेष्टन.

अंबाडीचे मूळ घर आफ्रिका मानले जाते. सेनेगलपासून सुदानपर्यंतच्या पट्ट्यात तिची पाने, बिया, बोंडे, सालीचे तंतू असे सगळे वापरात आहे. सेनेगलमध्ये तिच्या पेयाला बिसाप म्हणतात, नायजेरियात झोबो, सुदान आणि इजिप्तमध्ये करकडे. युरोपच्या ग्रंथांत तिची नोंद तशी लवकर झाली. फ्लेमिश वनस्पतिशास्त्रज्ञ द लोबेल याने १५७६ मध्ये तिच्याविषयी लिहिले, जावा बेटावर तिचा पाला खातात हे १६८७ मध्ये नोंदले गेले आणि १७५३ मध्ये लिनियसने तिला आजचे शास्त्रीय नाव दिले. अटलांटिक ओलांडून ती कशी गेली हे मात्र ग्रंथांपेक्षा माणसांच्या हालचालींवरूनच समजून घ्यावे लागते. सतराव्या शतकात ती ब्राझीलमध्ये होती, १७०७ मध्ये जमेकात असल्याची नोंद सापडते, आणि दोन्ही ठिकाणी ती गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर आली असे मानले जाते.

या प्रवासाकडे इतिहासकारांचे लक्ष उशिरा गेले. अमेरिकेत पिके कोणी आणली याचे श्रेय दीर्घकाळ जहाजांचे मालक, मिशनरी आणि वनस्पतिसंग्राहक यांनाच मिळत राहिले. ज्युडिथ कार्नी आणि रिचर्ड रोझोमॉफ यांच्या २००९ च्या ‘इन द शॅडो ऑफ स्लेव्हरी’ या ग्रंथाने हे चित्र बदलायला मोठी मदत केली. गुलामांच्या जहाजांवर माणसे जिवंत राहावीत म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच धान्य, कंद आणि इतर खाद्य भरले जाई, आणि त्यातले उरलेसुरले बी-बियाणे पलीकडच्या किनाऱ्यावर उतरे. ऊसमळ्यांच्या कडेला गुलामांना पोटापुरते पिकवण्यासाठी जे तुकडे मिळत, त्यांत भेंडी, चवळी, तीळ आणि अंबाडी रुजली. ज्या लोकांनी हे बी राखले त्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. त्यांच्या कामाचा पुरावा त्या पिकांच्या रूपाने आज जेवणात आहे, आणि तो कागदी पुराव्यापेक्षा कमी मानण्याचे कारण नाही. जमेकात आणि आसपासच्या बेटांवर हेच पेय आजही नाताळात आले आणि मसाले घालून, मोठ्यांसाठी रम मिसळून केले जाते. तिथे त्याचे नाव सॉरेल. अंबाडी दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलते, म्हणून बोंडे नेमकी वर्षाच्या अखेरीस तयार होतात आणि सणाशी त्यांची गाठ पडते.

मेक्सिकोत अंबाडी कोणत्या वाटेने शिरली याविषयी दोन मते आहेत. एक वाट कॅरिबियन समुद्रावरून व्हेराक्रूझ बंदरात येणारी. बेटाचे नाव पेयाला चिकटले, याचे सरळ स्पष्टीकरण तिच्यातून मिळते. जमेका १६५५ पर्यंत स्पेनकडे होते, नंतर इंग्रजांनी ते घेतले, पण त्यामुळे मेक्सिकोशी असलेला संबंध तुटला नाही. उलट १७१३ च्या उत्रेख्त तहाने स्पॅनिश वसाहतींना गुलाम पुरवण्याचा मक्ता इंग्रजांच्या साउथ सी कंपनीला मिळाला, आणि आफ्रिकेतून आणलेली माणसे जमेकात उतरवून तिथून व्हेराक्रूझसह इतर बंदरांत पाठवली जाऊ लागली. माणसांबरोबर बी आणि सवय दोन्ही जाऊ शकत होत्या. दुसरी वाट प्रशांत महासागरावरची. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिलाची गॅलिऑन जहाजे आशियाचा माल घेऊन अकापुल्कोला येत. अंबाडी तोवर आग्नेय आशियात पोहोचलेली होती, आणि आज मेक्सिकोतली बहुतेक अंबाडी ज्या ग्वेरेरो राज्यात पिकते, त्याच राज्यात अकापुल्को आहे. नाव पाहिले तर पहिल्या मताचे पारडे जड वाटते, लागवडीचा प्रदेश पाहिला तर दुसरे मतही टाकून देता येत नाही. कदाचित दोन्ही बाजूंनी बी आले असेल. कोणतीही वाट धरली तरी आरंभ आफ्रिकेतच होतो.

अकापुल्कोच्या पूर्वेला सुरू होऊन ओआहाका राज्यात जाणारी किनारपट्टी म्हणजे कोस्ता चिका. वसाहतकाळात मेक्सिकोत, म्हणजे तेव्हाच्या नव्या स्पेनमध्ये, सुमारे २ लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून आणली गेली असा अंदाज आहे, आणि त्यांतली बरीचशी १५८० ते १६४० या साठ वर्षांत आली. काहींच्या वाट्याला चांदीच्या खाणी आल्या, काहींच्या वाट्याला साखरेचे घाणे, तर काहींना या किनाऱ्यावरच्या गुरांच्या वाड्यांवर राबावे लागले. त्यांचे वंशज अजून तिथे आहेत. गोन्सालो आगिरे बेल्त्रान या मानववंशशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मेक्सिकोच्या कृष्णवर्णीय लोकसंख्येवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला आणि १९५८ मध्ये याच किनाऱ्यावरच्या क्वाहिनिक्विलापा गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तरीही राज्यघटनेत या समाजाचा उल्लेख येण्यासाठी २०१९ उजाडावे लागले. २०२० च्या जनगणनेत सुमारे २५ लाख मेक्सिकन नागरिकांनी स्वतःला आफ्रिकी वंशाचे म्हणून नोंदवले. ग्वेरेरोत त्यांचे प्रमाण ८.६ टक्के, देशात सर्वाधिक. आग्वा दे हमाइकाला ‘अस्सल मेक्सिकन’ म्हणताना हा इतिहास वगळला जातो, आणि ती केवळ तपशिलाची चूक नव्हे. जे लोक देशाच्या चित्रातून शतकानुशतके बाहेर राहिले, त्यांच्याकडचेच हे पीक आहे.

पेयाची दुसरी बाजू स्थानिक आहे. फळे, फुले किंवा बिया पाण्यात घालून पिण्याची रीत स्पॅनिश लोक येण्याआधीपासून तिथे होती, आणि तिच्या केंद्रस्थानी चिया होती. आझ्टेक राज्याला कर म्हणून येणाऱ्या मालात चियाची कोठारे होती हे मेंदोसा कोडेक्सवरून दिसते, आणि बेर्नार्दिनो दे सहागून या पाद्र्याने सोळाव्या शतकात नाहुआ लोकांच्या जीवनाविषयी जमवलेल्या माहितीतही चियाची पेये आहेत. स्पॅनिश लोकांनी या रीतीत ऊस आणला. हेर्नान कोर्तेसने स्वतः क्वेर्नाव्हाकाजवळ साखरेचा घाणा उभारला होता. लिंबू आणि संत्री आली, चिंच आली, तांदूळ आला. स्पेनच्या व्हॅलेन्सिया भागात एका कंदापासून होणारे ओर्चाता मेक्सिकोत तांदळापासून होऊ लागले. आज कोणत्याही ताको विक्रेत्याच्या गाडीवर तीन बरण्या हमखास दिसतात: लाल हमाइका, पांढरे ओर्चाता, तपकिरी तामारिंदो. या तिघांपैकी एकाचाही मुख्य जिन्नस मूळचा अमेरिका खंडातला नाही. अंबाडी आणि चिंच मूळच्या आफ्रिकेतल्या, तांदूळ आशियातला. मेक्सिकोची स्वतःची चिया आता त्यांच्या शेजारी लिंबाच्या पाण्यात तरंगताना दिसते.

गारव्याचा प्रश्न वेगळा होता. मेक्सिको शहराला पोपोकातेपेत्ल आणि इस्ताक्सीवात्ल या हिमाच्छादित पर्वतांवरून बर्फ मिळे, तो खेचरांवर लादून खाली आणत. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याच्या विक्रीचा मक्ता सरकारी अधिकाराखाली होता, त्यामुळे बर्फ ही श्रीमंतांच्या मेजवानीची वस्तू राहिली. बाकीच्या शहराला मातीच्या सच्छिद्र भांड्यांचा आधार होता. एकोणिसाव्या शतकात रस्त्यावर चियाचे पाणी विकणाऱ्या बाईला चिएरा म्हणत. तिचे दुकान म्हणजे ओल्या वाळूत पुरलेले घट, वर हिरव्या फांद्या आणि फुलांची आरास, आणि समोर मांडलेले पेले. वाळूतले पाणी वाफ होऊन उडते आणि घटातले पेय गार राहते, इतके साधे तंत्र. १८५४-५५ मध्ये निघालेल्या ‘लोस मेहिकानोस पिंतादोस पोर सी मिस्मोस’ या पुस्तकात मेक्सिकोच्या समाजातल्या वेगवेगळ्या माणसांची शब्दचित्रे आहेत, आणि त्यांत चिएरेला स्वतःचे प्रकरण आहे. पेयविक्रेतीला एखाद्या देशाच्या आत्मचित्रात अशी जागा मिळणे ही लहान गोष्ट नाही.

या विक्रेत्यांचा मोठा हंगाम लेंटचा, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांचा. मार्च-एप्रिलमध्ये मेक्सिकोचा उन्हाळा टोकाला पोहोचतो, पाऊस अजून दूर असतो आणि पाणी पाजणे हे धार्मिक कृत्य होते. पवित्र आठवड्याच्या आदल्या शुक्रवारी घरोघरी दुःखी मरियमेची वेदी मांडतात. त्यावर नारिंगे, कोवळे अंकुर आणि रंगीत पाण्याचे काचगोल असतात. दर्शनाला आलेला माणूस विचारतो, “मरियम रडली का?”, आणि यजमानीण त्याला चिया, हमाइका किंवा लिंबाचे गार पाणी देते, ते मरियमेचे अश्रू. ओआहाका शहरात लेंटच्या चौथ्या शुक्रवारी बायबलमधल्या विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची आठवण पाळतात. त्या दिवशी चर्च, शाळा, कचेऱ्या आणि दुकाने यांच्या दारांत घट मांडलेले असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी फुकट मिळते. सप्टेंबरातल्या स्वातंत्र्यदिनी हमाइकाचे काम बदलते. झेंड्याच्या हिरव्या-पांढऱ्या-लाल रंगांसाठी लिंबू, ओर्चाता आणि हमाइका ओळीने ठेवले जातात.

अंबाडी मेक्सिकोत कोणत्या वाटेने आली हे नक्की सांगता येत नाही, ती व्यापारी माल केव्हा झाली याचा एक नेमका पुरावा मात्र हाताशी आहे. शेजारच्या ग्वाटेमालात ती १८४० पूर्वी खाण्यासाठी लावली जात होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयातला वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ नेल्सन रोझ याने मेक्सिकोतल्या उपयुक्त वनस्पतींवर टिपणे लिहिली, ती १८९९ मध्ये प्रसिद्ध झाली. ग्वादालाहारा शहराच्या बाजारात त्याने वाळलेल्या अंबाडीने भरलेल्या मोठ्या टोपल्या पाहिल्या होत्या. ग्वादालाहारा समुद्रापासून बरेच आत आहे. तिथे टोपल्या भरून माल येत होता, याचा अर्थ पिकवणारे, वाळवणारे, खेचरांवरून वाहणारे आणि विकत घेणारे यांची साखळी त्याआधीच बसलेली होती. वाळवता येणे हेच या पिकाचे बळ. आंब्या-अननसाचे पाणी हंगामापुरते, हमाइका मात्र वर्षभर पोत्यात राहते आणि मूठभर पुरते.

ही मूठ कशी तयार होते ते ग्वेरेरोत पाहावे. तेकोआनापा आणि आयुत्ला दे लोस लिब्रेस या कोस्ता चिकावरच्या तालुक्यांत डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर, बऱ्याचदा मक्याच्या शेतातच, जून-जुलैत अंबाडी पेरतात. मका निघाल्यावर शेत तिचे. ऑक्टोबरात फुले येतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात झाडे लाल होतात. मग फांद्या कोयत्याने कापून सावलीत आणतात आणि घरातली सगळी माणसे, विशेषतः बाया आणि म्हातारी मंडळी, ढिगाभोवती बसतात. एकेक बोंड हातात घ्यायचे, बुडाशी साधे टोकदार लोखंडी हत्यार फिरवायचे, आतले हिरवे बियांचे बोंड ढकलून काढायचे आणि लाल वेष्टन अखंड बाजूला टाकायचे. देठावरची लव बोटांना टोचते, आंबट रसाने कातडी चुरचुरते आणि नखे जांभळी होतात. हे काम यंत्राने नीट होत नाही, आणि एकूण मेहनतीचा सर्वात मोठा वाटा त्यातच जातो. नंतर ती वेष्टने उन्हात चटयांवर किंवा ताडपत्रीवर पसरतात. ओल्या मालात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे १ किलो वाळलेल्या मालाला ८ ते १० किलो ओला माल लागतो. वाळवणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला तर बुरशी धरते, रंग काळवंडतो आणि भाव पडतो.

घरी पेय करण्याची रीत सोपी आहे, पण तिच्यात चुकायच्या जागा आहेत. २ लिटर पाण्याला सुमारे ५० ग्रॅम वाळलेली हमाइका लागते. ती आधी गार पाण्यात झटपट धुवायची, कारण उघड्यावर वाळल्यामुळे तिच्यात माती असते. जास्त वेळ भिजवली तर रंग धुण्याच्या पाण्यातच निघून जातो. १ लिटर पाण्याला उकळी आणून त्यात ती सोडायची, ५ मिनिटे मंद आचेवर ठेवायची, मग आच बंद करून झाकण घालून १५ ते २० मिनिटे मुरू द्यायची. फार वेळ खळखळ उकळली की तुरटपणा आंबटपणावर मात करतो. भांडे स्टीलचे असावे. अॅल्युमिनियमला हे आम्ल खाते आणि पेयाला धातूची चव येते. गाळून साखर गरम असतानाच विरघळवायची, आणि उरलेले लिटरभर गार पाणी नंतर घालायचे. हा अर्क दाट आणि पुढचे पाणी वेगळे, हीच गोष्ट जुन्या बायकांनी व्यवहारातून शोधलेली: अर्क शीतकपाटात आठवडाभर टिकतो, लागेल तसा पातळ करता येतो. साखर किती, यावर घरोघरी मतभेद. १५० ते २०० ग्रॅम हे सर्वसाधारण प्रमाण, काही ठिकाणी त्याऐवजी पिलोन्सिओ म्हणजे शंकूच्या आकाराचा गूळ. अनेक घरांत उकळताना दालचिनीचा तुकडा टाकतात, आणि ती जाड सालीची नव्हे, श्रीलंकेची पातळ, चुरा होणारी दालचिनी. श्रीलंकेच्या दालचिनीचा सर्वात मोठा गिऱ्हाईक देश मेक्सिकोच आहे.

न उकळता गार पाण्यात रात्रभर भिजवूनही हे पेय होते. त्याचा रंग जास्त उजळ आणि चव जास्त मवाळ येते. तरीही मेक्सिकोतल्या बहुतेक घरांनी उकळण्याची रीत सोडली नाही, आणि तिला व्यवहारी कारण होते. नळाच्या पाण्यावर भरवसा नसलेल्या देशात उकळलेले पाणी सुरक्षित. १९९१ मध्ये मेक्सिकोत पटकी आली तेव्हा रस्त्यावरच्या गार पाण्यावर आणि बर्फावर संशय गेला. त्यानंतर घराघरांत २० लिटरच्या बाटल्यांतले विकतचे पाणी येऊ लागले, आणि आता हमाइकाही त्याच पाण्यात होते. गाळल्यावर उरलेला चोथा फेकत नाहीत. कांदा, लसूण आणि चिपोत्ले मिरचीवर परतून तो ताकोत भरतात. आंबटसर, चिवट, मांसाशिवायचे हे भरण गेल्या काही दशकांत शहरी खानावळींच्या फळ्यावरही आले आहे.

पेयाचा रंग आणि आंबटपणा यांची कारणे रसायनशास्त्राने उलगडली आहेत. लाल रंग डेल्फिनिडिन आणि सायनिडिन या अँथोसायनिन रंगद्रव्यांचा. आम्ल वाढले की तो उजळतो, म्हणून लिंबू पिळल्यावर पेला अधिक लाल दिसतो, आणि खाण्याचा सोडा पडला तर निळसर-करडा होतो. आंबटपणा सायट्रिक, मॅलिक आणि हिबिस्कस आम्लांचा. रक्तदाब उतरवण्याचा गुण लोकवैद्यकात फार पूर्वीपासून सांगितला जाई, आणि त्याची एक काटेकोर तपासणी मेक्सिकोतच झाली. २००४ मध्ये हेर्रेरा-आरेयानो आणि सहकाऱ्यांनी ७५ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला रोज १० ग्रॅम वाळलेल्या हमाइकाचा अर्ध्या लिटर पाण्यातला काढा आणि दुसऱ्या गटाला कॅप्टोप्रिल हे औषध, असे ४ आठवडे दिले. दोन्ही गटांचा रक्तदाब जवळजवळ सारखाच उतरला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या चाचणीत ६५ प्रौढांपैकी रोज ३ कप घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब ६ आठवड्यांत सरासरी ७.२ अंकांनी कमी झाला. नकली पेय घेणाऱ्यांचा १.३ ने. हे परिणाम बिनसाखरेच्या काढ्याचे आहेत, आणि औषध चालू असलेल्याने वैद्याला विचारल्याशिवाय त्यांचा आधार घेऊ नये.

साखर हाच इथला अडचणीचा मुद्दा. विसाव्या शतकात मेक्सिको हा जगातल्या सर्वाधिक शीतपेये पिणाऱ्या देशांपैकी एक झाला आणि घरच्या पाण्याची जागा बाटलीने घेतली. त्याच काळात मिचोआकान राज्यातल्या तोकुम्बो या गावच्या कुटुंबांनी १९४० च्या दशकापासून फळांच्या कुल्फ्या आणि गार पाण्याची ‘ला मिचोआकाना’ नावाची दुकाने देशभर उघडली, म्हणून हमाइका शहरांतून नाहीशी झाली नाही. १ जानेवारी २०१४ पासून साखरेच्या बाटलीबंद पेयांवर लिटरमागे १ पेसो कर बसला आणि पहिल्या वर्षी खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली. घरी केलेल्या पाण्यावर अर्थातच कर नाही. पण २००८ मध्ये मेक्सिकोच्या आरोग्यतज्ज्ञांनी पेयांची जी क्रमवारी तयार केली, तिच्या शेवटच्या पायरीवर बाटलीबंद शीतपेयांच्या शेजारीच भरपूर साखर घातलेली घरची गार पाणीही ठेवली होती. हा निवाडा कडू असला तरी बरोबर आहे. ६० ग्रॅम साखरेत केलेली हमाइका दोन-चार दिवसांत जिभेच्या सवयीची होते, आणि मग अंबाडीची स्वतःची चव कळते.

बाजारातली सर्वात मोठी उलथापालथ मात्र पेल्याबाहेर झाली. १९७२ मध्ये अमेरिकेत सेलेस्टियल सीझनिंग्ज कंपनीने ‘रेड झिंगर’ हा हिबिस्कसयुक्त काढा बाजारात आणला, जर्मनीत फळांच्या चहात अंबाडी आधीपासून जात होतीच, आणि सुदान, चीन, नायजेरिया यांनी निर्यातीसाठी लागवड वाढवली. त्या मालाचा पूर मेक्सिकोतही आला. आज मेक्सिको जितकी हमाइका पितो तितकी पिकवत नाही, आणि आयात माल स्वस्त असल्याने ग्वेरेरोतल्या शेतकऱ्याला हाताने सोललेल्या मालाचा खर्चही काही वर्षी निघत नाही. २०१७ मध्ये साठवणीतल्या किडीच्या कारणावरून मेक्सिकोने नायजेरियाच्या मालाची आयात थांबवली, तेव्हा या व्यापाराचा आकार अनेकांना पहिल्यांदा कळला: ज्या खंडातून बी गेले होते, त्याच खंडातून आता तयार माल येत होता.

मंडईतल्या व्यापाऱ्यांकडे म्हणून दोन ढीग असतात. सुदानी हमाइका काळपट लाल आणि रंगाला दाट. देशी, म्हणजे ‘क्रिओया’, उजळ लाल आणि आंबटाला तेज. बऱ्याच घरांत दोन्ही मिसळतात, एक रंगासाठी आणि एक चवीसाठी. देशी मालाला वरचा भाव मिळावा म्हणून ग्वेरेरोतल्या उत्पादक संघांनी गेल्या काही वर्षांत गावाचे नाव छापलेली पाकिटे काढली आहेत, त्याच मालाचे जॅम, अर्क आणि सुकी चटणी करून विकायला सुरुवात केली आहे, आणि मेक्सिकोच्या कृषिसंशोधकांनी जास्त उत्पन्न देणाऱ्या नव्या जाती तयार केल्या आहेत. त्या जातींची बोंडे मोठी असली तरी सोलण्याचे काम अजून हातानेच करावे लागते.